स्ट्रेचिंगनं पाठ बरी होते का? बडोद्याच्या क्लिनिकमध्ये रोज ऐकू येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. क्लिनिक बडोद्यात, रावपुऱ्याच्या आतल्या एका गल्लीत. निम्मे पेशंट मराठी बोलतात, निम्मे गुजराती, आणि बरेचसे एकाच वाक्यात दोन्ही. आपले लोक म्हणतात "उसण भरली", ते म्हणतात "कमर झलाई गई". पुढचे प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच असतात. तेच इथे लिहून ठेवलेत, जसे विचारले जातात तसे.

ताई, स्ट्रेचिंग केलं की पाठदुखी जाते ना?

काहींची कमी होते. पण ती ताण दिल्यामुळेच कमी झाली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

अमेरिकेत जुनी कंबरदुखी असलेल्या २२८ जणांवर एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. काहींना आठवड्यातून एकदा असे १२ आठवडे योगाचे वर्ग, काहींना तितकेच स्ट्रेचिंगचे वर्ग, आणि उरलेल्यांच्या हातात पाठदुखीवरचं एक पुस्तक. पुस्तकवाल्यांपेक्षा दोन्ही वर्गांतल्या लोकांना जास्त आराम पडला. योग आणि स्ट्रेचिंग यांत मात्र डावं-उजवं करता येईना.

आता ह्यातून एक वाचणारा म्हणेल, "बघा, स्ट्रेचिंग कामाचं आहे." दुसरा म्हणेल, "योग काही खास नाही." मला दिसतं ते वेगळंच. जी मंडळी पाठ दुखेल ह्या धास्तीनं अंग आखडून बसली होती, ती तीन महिने कुणाच्या तरी नजरेखाली वाकली, वळली, उठली-बसली. श्रेय बहुधा ह्या हालचालीचं असतं आणि हार स्ट्रेचिंगच्या गळ्यात पडतो. म्हणून कुणी विचारलं की "पाठीसाठी सगळ्यात चांगलं स्ट्रेच कुठलं", तर मी उलट विचारते, "तुम्ही तीन महिने न कंटाळता करू शकाल असं कुठलं?"

मग ताण दिल्यावर लगेच इतकं बरं का वाटतं?

कारण खरंच बरं वाटतं, तो भास नव्हे. फक्त त्याचं कारण लोक समजतात ते नाही.

स्नायू म्हणजे चड्डीचं इलॅस्टिक नव्हे, की ओढलं आणि लांब झालं. कुणाला उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलला, की एका उंचीला तो "बस, बस" म्हणतो. तीस-तीस सेकंदांचे दोन-तीन ताण दिले की तोच पाय चार बोटं जास्त वर जातो. पाच मिनिटांत स्नायूची लांबी वाढलेली नसते. "बस" म्हणायची वेळ मज्जासंस्थेनं थोडी पुढे ढकललेली असते, इतकंच. काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगनंतर वाढलेल्या लवचीकतेतसुद्धा ह्या सहनशक्तीचा वाटा मोठा असतो, असं संशोधक २०१० च्या सुमारापासून मांडत आलेत.

म्हणजे ताण हा थोडा वेळ टिकणारा दिलासा. रात्री झोपण्यापूर्वी हवाच असेल तर जरूर घ्या. मीही घेते.

एमआरआयमध्ये "मणक्यात गॅप" आलीय. स्ट्रेचिंग करू की नको?

आधी त्या "गॅप"चं बघू. मराठी असो की गुजराती, हा शब्द प्रत्येक पेशंटच्या तोंडी असतो आणि त्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. कुणाला वाटतं मणके एकमेकांपासून सुटलेत, कुणाला वाटतं मधली गादी साबणाच्या वडीसारखी सटकून बाहेर पडलीय. प्रत्यक्षात रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा इतकंच, की गादीतलं पाणी कमी झालंय, ती चपटी झालीय किंवा कडेनं थोडी फुगलीय.

आणि हे पाठ अजिबात न दुखणाऱ्यांतही सापडतं. अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्र अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गादी झिजल्याच्या खुणा विशीतल्या ३७ टक्के लोकांत होत्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. फुगलेली गादी विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. चेहऱ्यावर सुरकुत्या पडतात तशा ह्या आतल्या सुरकुत्या. फाइल बघून घाबरलेल्या माणसाला मी आधी हे आकडे सांगते, मग टेबलावर झोपवते.

आता स्ट्रेचिंग. दुखणं कमरेपुरतं असेल तर हळूहळू सगळ्या दिशांना हलायला हरकत नसते. कळ पायात उतरत असेल तर मात्र थांबून बघावं लागतं. एका बँकेतले गृहस्थ माझ्याकडे आले. मांडीचा मागचा भाग "आखडलाय" म्हणून ते रोज पंचा तळव्याला अडकवून पाय ओढत होते, तीन आठवडे, नेमानं. दुखणं वाढतच होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, गुडघा सरळ करायला सांगितला, तेव्हा मांडीमागे ओढ आली. "आता फक्त हनुवटी छातीला लावा." त्याबरोबर कळ पोटरीपर्यंत सणकली. मान वाकवल्यानं मांडीच्या स्नायूवर काही ताण येत नाही, पण मज्जारज्जूपासून पायापर्यंत गेलेल्या नसेवर येतो. म्हणजे ते तीन आठवडे स्नायू समजून चिडलेली नस ओढत होते. पंचा बंद केला, चालणं आणि हलक्या हालचाली चालू ठेवल्या, दहा-बारा दिवसांत ते शांत झोपू लागले.

ह्याच संदर्भात न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी ह्या फिजिओथेरपिस्टची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. १९५६ साली त्यांचा एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला, म्हणजे जवळजवळ भुजंगासनात. मॅकेन्झी परत येऊन बघतात तो त्यांना घामच फुटला, कारण त्या काळी पाठ अशी मागे वाकवणं धोक्याचं मानत. पेशंट म्हणाला, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यांची पुढची सगळी पद्धत ह्या अपघातातून निघाली. पण म्हणून प्रत्येकानं भुजंगासन करावं असं नाही. काहींना पुढे वाकून बरं वाटतं, काहींना मागे. ज्या हालचालीनं पायातली कळ वर वर सरकत कमरेकडे येते ती चालू ठेवायची, जिनं ती खाली उतरते ती सध्या सोडायची.

काल बादली उचलताना उसण भरली. ताणून मोकळी करू?

जोर लावून नको. ताज्या उसणीत स्नायू स्वतःहून आकसून बसलेले असतात, त्यांच्याशी कुस्ती केली की ते आणखी घट्ट धरतात. गरम पाण्याच्या पिशवीनं शेका, गुडघे वाकवून कुशीवर पडा, आणि दर तासाला उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारा. तीन दिवस पलंगाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता कुणी देत नाही, त्यानं माणूस बरा व्हायला उलट उशीर होतो.

आमच्या आजीकडे ह्यावर हुकमी उपाय होता. वाड्यात एक पायाळू मुलगा होता, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला. उसण भरली की त्याला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचा. दोन-तीन दिवसांत बरं वाटायचं आणि त्या मुलाला लाडू मिळायचा. साधी उसण पुष्कळदा काही दिवसांतच ओसरू लागते, मग पायाळूची लाथ असो, मलम असो की व्हिडिओत बघितलेलं स्ट्रेच. शेवटी जो उपाय चालू असेल त्याला यश मिळतं. लाडू निदान गोड तरी होता.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं?

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचाचं भान राहीना, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप, कारण नसताना घटणारं वजन, आधी कॅन्सर होऊन गेलेला असणं, ह्यांतलं काही असेल तरी स्ट्रेचिंगच्या नादी लागू नका, आधी तपासून घ्या.

मुलगा पोक काढून बसतो. छातीचे स्ट्रेच केले की ताठ होईल का?

नुसत्या स्ट्रेचनं होत नाही. खांदे पुढे झुकलेले असले की "छातीचे स्नायू आखूड झाले, ते ताणा" असं सांगायची पद्धत आहे, आणि कॉलेजात आम्हीही तेच शिकलो. पण बसण्या-उभं राहण्याची ठेवण फक्त ताणानं बदलल्याचे पुरावे फार कच्चे आहेत. पाठीच्या वरच्या भागाची ताकद वाढवल्यानं थोडा फरक दिसतो. पोरगा कमाटीबागेत जाऊन दांड्याला लोंबकळला, दोन-चार पुलअप्सच्या मागे लागला, तर ते दाराच्या चौकटीत उभं राहून छाती ताणण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि त्याला ते आवडेलही.

दुसरी गोष्ट आयांना पटत नाही, तरी सांगते. पोक आणि पाठदुखी ह्यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नाही. पोक असून न दुखणारे पुष्कळ आहेत आणि काठीसारखे ताठ बसून रोज दुखणारेही माझ्याकडे येतात. मोबाइलकडे मान घालून बघितलं की मानेवर २७ किलोंचं ओझं पडतं, हा फॉरवर्ड तुम्हीही वाचला असेल. तो आकडा २०१४ मधल्या एका संगणकी प्रतिकृतीतला आहे, कुणाच्या मानेवर वजनकाटा लावून मोजलेला नाही. आणि मान काही काचेची नसते. बांधकामावर डोक्यावरून विटा वाहणाऱ्या बायकांची मान बघा.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात आठ तास उभा राहणारा आणि अलकापुरीच्या ऑफिसात आठ तास बसणारा, दोघंही संध्याकाळी कंबर धरूनच येतात. एकाच अवस्थेत फार वेळ राहणं दोघांनाही नडतं. म्हणून "ताठ बस" असं दिवसातून चाळीस वेळा ओरडण्यापेक्षा पोराला दर अर्ध्या तासाला पाणी आणायला उठवा.

पाठीचा पट्टा? घालून बघायचा तर बघा, पण रोजची सवय करू नका.

गरब्याला उतरण्यापूर्वी स्ट्रेचिंग केलं तर दुखापत टळते ना?

हा प्रश्न सप्टेंबरात सुरू होतो आणि दसऱ्यानंतर तोच माणूस लंगडत येतो. इथे मला माझंच उदाहरण द्यावं लागेल. चार वर्षांपूर्वी, नवरात्रातली दुसरी रात्र. मी पोटऱ्या, मांड्या, सगळं शास्त्रशुद्ध पंधरा मिनिटं ताणून मैदानात उतरले. अनवाणी. तिसऱ्या फेरीत लय चढली आणि डाव्या पोटरीत मागून कुणी दगड मारला असं वाटलं. रागानं वळून बघितलं तर मागे कोणीच नाही. पोटरीचा स्नायू फाटला की अगदी असंच वाटतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं. उरलेल्या सात रात्री मी खुर्चीत बसून बहिणीच्या चपला सांभाळल्या.

स्ट्रेचिंगनं मला का वाचवलं नाही? ऑस्ट्रेलियात सैन्यात नव्यानं भरती झालेल्या १,५३८ जवानांवर ह्याच प्रश्नाचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांच्या प्रशिक्षणात अर्ध्या जवानांनी वॉर्मअपमध्ये पायांच्या सहा स्नायूगटांना ताण दिला, अर्ध्यांनी नुसता वॉर्मअप केला. पायांच्या दुखापतींत सांगण्याजोगा फरक निघाला नाही. २०१४ मध्ये २५ प्रयोगांचा, २६,६१० लोकांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, त्यातही स्ट्रेचिंगच्या खात्यात शून्य. ताकदीच्या व्यायामांनी मात्र खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आणल्या होत्या. दुखापती होतात त्या बहुधा स्नायू जोरात काम करत असताना, पाय आपटून थांबवताना, गिरकी घेताना. तिथे लांबीपेक्षा ताकद उपयोगी पडते.

उलट, एकेका स्नायूला मिनिटापेक्षा जास्त वेळ स्थिर ताण देऊन लगेच पळायला किंवा उड्या मारायला गेलात, तर ताकद तात्पुरती थोडी कमीच भरते. सरासरी चार-पाच टक्के. तीस सेकंदांच्या ताणानं फारसं बिघडत नाही.

माझा खरा दोष ताणात नव्हता. वर्षभर क्लिनिकमध्ये उभी राहणारी बाई दोन रात्रींत एकदम तीन-तीन तास चवड्यांवर नाचली. आता मी गोकुळाष्टमी झाली की पोटरीचे व्यायाम सुरू करते. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. आधी दोन्ही पायांवर, पंधरवड्यानं एकेका पायावर, पंधरा-पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. आणि त्या रात्री मैदानात पोचल्यावर दहा मिनिटं आधी झपाझप चालणं, मग साधी दोन ताळी, मग तीन ताळी, आणि अंग घामेजल्यावरच उड्या. फुटबॉलवाल्यांचा फिफा ११+ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप असाच असतो: धावणं, ताकद, तोल, दिशा बदलणं. त्यानं दुखापती खरोखर कमी झालेल्या आहेत.

पावागड पायऱ्यांनी चढणाऱ्यांनाही हेच लागू. उतरताना मांड्या थरथरतात ते जिने उतरण्याची सवय नसते म्हणून.

निदान नंतर स्ट्रेचिंग केलं तर दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, हे तरी खरं?

नाही हो. १२ प्रयोग एकत्र करून बघितले गेले, शंभर गुणांच्या मापावर फरक पडला एखाद-दुसऱ्या गुणाचा, फार तर चारेक गुणांचा. अंगदुखी दोन-तीन दिवसांत आपली आपण जाते.

आम्ही सूर्यनमस्कार घालतो. ते स्ट्रेचिंगच की!

सूर्यनमस्कारात ताण आहे, पण हातांवर अंग तोलणं आहे, छाती जमिनीकडे नेऊन परत उचलणं आहे, एक पाय मागे टाकून पुन्हा उभं राहणं आहे. त्याला नुसतं स्ट्रेचिंग म्हणणं म्हणजे सेव-उसळीला नुसती शेव म्हणणं. दम लागेपर्यंत घातले तर पाठीला हवं असलेलं बरंच काही त्यात आलं.

बडोदेकरांना हे शिकवायची खरं तर गरज नसावी. जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलंच, आणि तिथले प्रो. माणिकराव मल्लविद्येइतकेच हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले, शेजारच्या डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले, १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायचा पायंडा पाडला. त्या परंपरेत आसनं होती आणि जोर-बैठका, मल्लखांबही होते. आपण त्यातलं सतरंजीवर बसून करण्याजोगं तेवढं उचललं.

एक खबरदारी. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पश्चिमोत्तानासनासारखं पूर्ण पुढे वाकून जोर देणं टाळावं. १९८४ मध्ये अशा ५९ बायकांचा एक छोटा अभ्यास झाला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात मणक्यांचे दबून झालेले फ्रॅक्चर पुष्कळच जास्त दिसले, पाठ मागे उचलण्याचे व्यायाम करणाऱ्यांत कमी. साठी ओलांडलेल्या मावशी आल्या की मी आधी विचारते, "उंची कमी झाल्यासारखी वाटते का? ब्लाउजच्या मापात फरक पडलाय?"

माझे हात पायाच्या अंगठ्यांना लागतच नाहीत. म्हणून पाठ दुखते का?

नाही. काहींचे हात जन्मभर लागत नाहीत आणि पाठही जन्मभर दुखत नाही. उलट, भरतनाट्यम करणाऱ्या, बोटं उलटी वळणाऱ्या मुली पाठ धरून येतात. सांधे आधीच सैल असतील तर आणखी ताणू नका, त्यांना ताकदीची गरज असते.

करायचंच म्हटलं तर किती वेळ, किती वेळा?

एका स्नायूला तीस सेकंद, दोन-तीन वेळा. ओढ जाणवली पाहिजे, चेहरा वाकडा व्हायला नको, श्वास कोंडायला नको. झटके देऊ नका. अंग कोमट असताना करा, आंघोळीनंतर किंवा चालून आल्यावर. आठवड्यातून चार-पाच दिवस केलं तर महिन्या-दीड महिन्यात फरक कळतो, सोडलं की हळूहळू जातो.

ते सगळं ठीक, पण मी उद्या सकाळपासून नेमकं काय करू?

चाला. पाठदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला, २०२४ मध्ये छापून आला. निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं, सोबत फिजिओथेरपिस्टचं थोडं मार्गदर्शन. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं ११२ दिवसांत परतलं, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं २०८ दिवसांत. खर्च बुटांचा.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा आणि सावकाश बसा. सोपं झालं की मांडीवर पाच किलोंची तांदळाची पिशवी धरून. दुसरी, उताणं झोपून गुडघे उभे करा, कंबर उचला, पाच आकडे मोजा, खाली या. खंडेराव मार्केटातून भाजी आणाल तेव्हा दोन पिशव्यांत सारखी वाटून घ्या आणि रिक्षा कोपऱ्यावरच सोडा.

आणि सकाळी उठल्यावर आळोखेपिळोखे द्यायचे की नाही?

मांजराला विचारा. द्या की! फक्त त्यानंतर परत पांघरूण ओढू नका.